आईसकळवूनये

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी कोयंडा शोधायला गेले होते. आईच्या माहेरची एक पेटी आहे, तिचा कोयंडा तुटला आणि नवा कुठलाच तिला बसेना. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून बुधवारी अर्धी रजा टाकून गेले. कोयंडे ढिगाने होते. पेटीला बसेल असा एक नव्हता.

परतताना एका ताडपत्रीवर मिक्सरची भांडी, मनगटी घड्याळांचे पट्टे आणि एकेकटे बूट यांच्या मधोमध एक जाडजूड बाड उताणं पडलेलं दिसलं.

"केवढ्याला?"

"तीनशे."

"कसर लागलीय याला."

"कसरीसकट अँटिक आहे, ताई."

या उत्तराचे वीस रुपये वेगळे धरून मी एकशेवीसला ते उचललं. घरी येऊन झटकलं तर 'किर्लोस्कर' मासिकाचे १९३८ सालचे अंक एकत्र बांधलेले निघाले. हे मासिक १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' या नावाने सुरू झालं आणि १९२९ मध्ये त्यातली 'खबर' गेली, एवढं माहीत होतं. आमच्याकडे ते येत असे तेव्हा मला वाचता येत नव्हतं, आणि मला वाचता येऊ लागलं तेव्हा आमच्याकडे ते येईनासं झालं होतं. पुठ्ठ्याच्या बांधणीवर कुठल्याशा वाचनालयाचा पुसट गोल शिक्का, आणि त्यावर तिरका दुसरा: 'निर्लेखित'. वाचनालयं पुस्तक नोंदवहीतून काढून टाकतात तेव्हा हा शिक्का मारतात. शब्द सरकारी आहे, पण मला तो फार आवडतो. म्हटलं तर 'लिहिलेलं पुसलं', आणि म्हटलं तर 'आता याच्याबद्दल काही लिहायचं उरलं नाही'.

चिठ्ठी मधल्या कुठल्याशा कथेच्या पानांत होती. घडी घातलेली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्यामुळे दोन्ही पानांवर तिच्याच मापाचा तपकिरी चौकोन उमटला होता. असा डाग एका उन्हाळ्यात पडत नाही. ती तिथे ठेवली गेली आणि तिथेच राहिली, हे त्या डागावरून कळत होतं. मासिक वाचनालयात किती हातांतून गेलं असेल! एकतर ती कथा कुणी वाचत नसावं, किंवा वाचणाऱ्या प्रत्येकाने चिठ्ठी पाहून, घडी न उलगडता, पान उलटलं असावं. दुसरी शक्यता मला बरी वाटते. मी मात्र लगेच उलगडली.

तारखेच्या गठ्ठ्याचं पान होतं ते. भिंतीवर लटकवलेल्या पुठ्ठ्यावर ३६५ चिटोऱ्यांचा गठ्ठा असायचा आणि रोज सकाळी एक फाडायचं, त्यातलं. पुढच्या बाजूला ठळक '१३', वर 'मार्च', खाली 'शनिवार'. साल आणि तिथी जिथे असायला हवी ती खालची पट्टी फाटलेली. मागच्या कोऱ्या बाजूला निळसर काळ्या शाईत सहा ओळी. मोडी.

मला मोडी येत नव्हती. माझ्या वयाच्या कुणालाच येत नाही, तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी बरीच वर्षं समजत होते. पण हातातल्या सहा ओळी मराठी आहेत, आपल्या आजोबांनी चहाचा घोट घेता घेता वाचल्या असत्या, आणि आपल्याला त्यातला एक 'क'सुद्धा ओळखता येत नाही, याची मात्र चीड आली. जपानी चिठ्ठी असती तर आली नसती.

ऑफिसातल्या एकीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "डॉक्टरची आहे का?" तसं पाहिलं तर ती सत्यापासून फार लांब नव्हती, पण ते पुढे.

फेसबुकवर मोडी वाचणाऱ्यांचे गट आहेत. फोटो टाकला असता तर तासाभरात कुणीतरी वाचून दिलं असतं. दोनदा टाकायला घेतला आणि दोनदा पुसला. उगीच वाटलं की घडी उलगडणारी मी, तर वाचायचंही मीच. शिवाय काय असेल कोण जाणे. दुसऱ्याचं पत्र चव्हाट्यावर वाचू नये हा संस्कार, पत्र लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो असे दोघेही बहुधा हयात नसले तरी, लागू होतो की नाही याचा निकाल मला लावता येईना. अजून लावता आलेला नाही. इथे मी ती चिठ्ठी देते आहे ती यासाठी की तिच्यात एकही ओळखू येईल असं नाव नाही.

तर मी मोडीचा वर्ग लावला. पुण्यात ही सोय आहे. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच, पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, इथेच, तेव्हा मोडीचे वर्ग कुठे ना कुठे चालू असतात. आमच्या वर्गात चौदा जण होतो. दोघे जमिनीच्या जुन्या कागदांसाठी आले होते, एक मुलगी पीएचडीसाठी, आणि उरलेले बहुतेक निवृत्त. सर पहिल्या दिवशी म्हणाले, "मोडी वाचायची नसते, ओळखायची असते. गर्दीत आपला माणूस ओळखतो तशी." मला ते वाक्य जरा तयार केलेलं वाटलं. दोन महिन्यांनी पटलं.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो, म्हणून शब्द संपला की रेघही संपते. मोडीच्या रेघेला शब्द कुठे संपला हे ठाऊकच नसतं. मधे जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. हात शक्यतो उचलायचा नाही, अक्षर वळवून पुढच्यात सोडून द्यायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. 'दिन' आणि 'दीन' लिहिताना सारखेच, तुम्ही संदर्भाने समजून घ्या. अनुस्वार द्यायचा की नाही, लिहिणाऱ्याची मर्जी. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क ज्यांचे कायम गेले त्यांनी ही लिपी जरूर शिकावी, पूर्वजांबद्दलचा आदर वाढतो.

हेमाडपंताने ती आणली अशी परंपरा सांगतात. कुणी आणली असो, कामकाजाच्या घाईसाठी ती घडली हे हाताला कळतं. सराव झाल्यावर मोडी लिहिताना जो वेग येतो तो बाळबोधात येत नाही. पण छापखान्याला ती कधी मानवली नाही. खिळा, म्हणजे छपाईचा अक्षराचा ठसा, सुटा असतो आणि मोडीतलं अक्षर सुटं राहायला तयार नसतं. पुस्तकं बाळबोधात छापली जाऊ लागली, शाळा पुस्तकांच्या मागे गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत मोडी शाळेतूनही गेली. २०१४ साली युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली. म्हणजे आता फोनवर मोडी टाइप करता येते, फक्त वाचणारा मिळायला हवा.

तिसऱ्या आठवड्यात मी चिठ्ठी पहिल्यांदा वर्गात न्यायची म्हणून पिशवीत टाकली आणि न दाखवताच परत आणली. घरी भिंग घेऊन बसले. आकडे आधी लागले, कारण मोडीतले आकडे आपल्या आकड्यांपासून फार लांब गेलेले नाहीत. 'रुपये ७॥'. उभी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाचे आणे सोळा, तेव्हा ॥ म्हणजे आठ आणे. पावच्या पुढे आडव्या रेघा येतात त्या एकेक आण्याच्या. १।= म्हणजे एक रुपया, चार आणे आणि दोन आणे, मिळून एक रुपया सहा आणे. आमच्या पिढीने आठ आणे, चार आणे हे शब्द वापरले, पण ते पन्नास-पंचवीस पैशांच्या हिशोबातले. चवलीत आणे दोन असतात हे मला पाठ होतं, हाताशी नव्हतं.

मधेच एका जागी 'पै॥' होतं. मी ते 'पै' आणि आठ आणे असं धरून दोन संध्याकाळी हिशोब करत राहिले. सरांना नुसतं तेवढं अक्षर वहीत काढून दाखवलं, तर ते हसले. मोडीत शब्द तोडून पुढे दोन दंड देतात, ती संक्षेपाची खूण. पै॥ म्हणजे पैकी.

त्या रात्री हिशोब लागला. रुपये साडेसात आले, पैकी औषध एक रुपया सहा आणे, टांगा सहा आणे, दूध आठ आणे. बाकी सव्वापाच. मी आण्यांत उतरवून पाहिलं. एकशेवीसमधून बावीस, सहा आणि आठ वजा जाता चौऱ्याऐंशी, म्हणजे पाच रुपये चार आणे. चिठ्ठीतही ५।. जुळला! माझं वाचन बरोबर आहे की नाही हे तपासायला मला शिक्षक नको, कोश नको. ज्याने चिठ्ठी लिहिली त्यानेच बाकी काढून माझा पेपर तपासून ठेवला होता. रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली.

बाकीचं पुढच्या महिनाभरात लागलं. शब्द मी तोडले आहेत, मूळ सलग आहे:

'चिरंजीव बाळ यास अनेक आशीर्वाद उपरी. पाठविलेले रुपये ७॥ पावले पैकी औषध १।= टांगा ।= दूध ॥ बाकी ५। शिल्लक आहे. प्रकृती ठीक काळजी नसावी. शनिवारी सकाळचे गाडीने मिरजेस उतरणे. येताना धाबळी आणणे.'

आणि यापुढे शेवटचा तुकडा. तो मी मुद्दाम तोडत नाही: 'आईसकळवूनये'.

पुन्हा वाचा. 'आईस कळवून ये.' किंवा, 'आईस कळवू नये.'

हे लक्षात आलं तेव्हा मी सिग्नलला उभी होते, आणि मागच्या रिक्षावाल्याने मला जे सुनावलं ते रास्त होतं.

दोन्ही वाचनांत एक काना, एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. फक्त एक जागा, जी मोडी देत नाही. आईला सांगून ये, की आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. एकाच माणसाने एकाच दमात लिहिलेल्या आठ अक्षरांचे हे दोन अर्थ, आणि एक खरा असेल तर दुसरा बरोबर उलटा. बाळला नक्की कळलं असणार. ज्याला लिहिलं त्याला घरची परिस्थिती ठाऊक होती, त्याच्यापुढे दोन अर्थ आलेच नसतील. दोन अर्थ माझ्यापुढे आले कारण चिठ्ठी मला लिहिलेली नव्हती.

साल काढायचा प्रयत्न केला. मासिक १९३८ चं, म्हणजे चिठ्ठी त्याआधी त्यात जाऊ शकत नाही. आणे-पैची नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ ला गेली. लोकांच्या तोंडून आणे जायला पुढे बराच काळ लागला, पण कागदावर औषधाचा हिशोब असा काटेकोर आण्यांत मांडणारा माणूस त्याआधीचा धरायला हरकत नाही. या मधल्या काळात १३ मार्चला शनिवार तीनदाच येतो: १९४३, १९४८, १९५४. पान फाडल्यावर कोऱ्या बाजूवर लिहिलं, म्हणजे चिठ्ठी त्या दिवसाची किंवा नंतरची. तेवढा नेमकेपणा पुरे.

तीन सालांत तीन वेगळ्या चिठ्ठ्या होतात, हे मला आधी सुचलं नव्हतं.

मिरज आली की आजार आलाच, असं आमच्याकडे धरूनच चालतात. वानलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये तिथे इस्पितळ काढलं आणि सातारा-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतची माणसं तिथे येऊ लागली. रेल्वेही तेव्हा सोयीची. पुण्याकडून आणि बेळगावकडून मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडून बार्शी लाइनची छोटी गाडी, सगळ्यांनी मिरजेलाच उतरायचं आणि टांगा करायचा. (तंबोरे घ्यायला जाणारेही असतात. पण तंबोऱ्यासाठी गेलेला माणूस दुधाचा आणि औषधाचा हिशोब लिहीत नाही.) खोकला असेल, छाती असेल, असं मी उगीच धरून बसले. १९४३ च्या मार्चमध्ये क्षय म्हणजे दूध, अंडी, हवा आणि देवावर भार. स्ट्रेप्टोमायसिन त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत हाताला लागलं. १९५४ मध्ये ते औषध होतं, महाग असेल, पण होतं. म्हणजे 'आईस कळवू नये' याचं वजन ४३ साली एक आणि ५४ साली दुसरं. १९५४ मध्ये ते 'उगीच घाबरेल' एवढंच असू शकतं. १९४३ मध्ये तसं नाही.

आणि ४८. गांधीजींची हत्या होऊन सहा आठवडे झाले होते. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात फेब्रुवारीच्या सुरुवातीला घरं जळाली, माणसं नेसत्या वस्त्रानिशी निघाली आणि मिळेल तिथे, नातेवाइकांकडे, शहरात राहिली. त्या मार्चमध्ये कुणी कुणाला मिरजेस बोलावतं आहे, येताना धाबळी आणायला सांगतं आहे. मार्चमध्ये धाबळी कशाला? मिरजेत मार्चला पंखा लागतो. ताप असेल तर लागेल म्हणा. किंवा ज्याच्याकडे पांघरायला काही उरलं नाही त्यालाही लागेल. मी इथे थांबले. चिठ्ठीत नसलेलं तिच्यात घालायला मला फारच सोपं जाऊ लागलं होतं.

शेवटी सरांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दहा सेकंदांत वाचली आणि मला माझ्या तीन महिन्यांचं वाईट वाटलं. मग शेवटच्या तुकड्याशी ते थांबले.

"कळवू नये," म्हणाले. "हे बघा, उतरणे, आणणे, नसावी. हा माणूस सगळीकडे दप्तरी लिहितोय. समोरच्याला 'तू' म्हणतच नाही. 'कळवून ये' म्हणायचं असतं तर 'कळवून येणे' लिहिलं असतं. एकट्या शेवटच्या शब्दात कशाला अरेतुरेवर येईल?"

व्याकरण बिनतोड होतं. पण घरी येताना मला वाटत राहिलं, की येईल. शेवटच्या शब्दातच येईल. साडेसात रुपयांचा हिशोब दिला, गाडी सांगितली, धाबळी सांगितली, आता कागद संपत आला, आणि तोवर ताठ बसलेला माणूस एकदम म्हणतो, ये.

आई-बाबांकडे रविवारी जेवायला गेले तेव्हा हे सगळं ताटावर मांडलं. बाबा एक्क्याऐंशीचे आहेत. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि न वाचताच म्हणाले, "नानांचं असंच असायचं. एका रेघेत सगळा बाजार." नाना म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. कऱ्हाडला गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. बाबा शाळेत गेले ते बाळबोध शिकून आले. नानांच्या चोपड्या त्यांना कधीच वाचता आल्या नाहीत.

"कळवू नये," बाबा म्हणाले. "आजारपणाचं आईला कोण सांगतं?"

"कळवून ये," आई आतून म्हणाली. "पोरगं घरातून धाबळी घेऊन निघणार, आणि आईला दिसणार नाही होय? काय सांगून न्यायची त्याने ती?"

या मुद्द्याला बाबांकडे उत्तर नव्हतं. सरांकडेही नसतं.

"आणि आई कुणाची?" आई भाताचं भांडं घेऊन बाहेर आली. "बाळची आई की लिहिणाऱ्याची? लिहिणाऱ्याची आई म्हणजे बाळची आजी झाली. ती घरात असेल म्हातारी. तिला नसेल सांगायचं. बायकोला सांगायला काय हरकत होती?"

मी भिंग घेऊन तीन महिने बसले होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. शिवाय लिहिणारा बापच कशावरून? आशीर्वाद काका देतो, थोरला भाऊ देतो. जेवण होईपर्यंत चिठ्ठीचे सहा अर्थ झाले आणि आमटी गार झाली.

नंतर आई झोपल्यावर मी बाबांना तारेबद्दल विचारलं. विचारायचं ठरवून गेले नव्हते.

नानांच्या बैठकीत एक तार होती. लाकडी ठोकळ्यात उभी रोवलेली, वर आकडा. आलेलं प्रत्येक पत्र वाचून झालं की तिच्यात टोचायचं. अशा भरलेल्या चार-पाच तारा माळ्यावर होत्या, आणि बासनात बांधलेल्या चोपड्या. १९९१ साली कऱ्हाडचं घर विकलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माळा रिकामा करायला मीच चढले. पत्रं मीच खाली दिली. मधे एकदा मी विचारलं होतं, ठेवायची का, आणि बाबा म्हणाले होते, "वाचता कुणाला येतंय?" रद्दीवाल्याने वर्तमानपत्राचा भाव दिला नाही. तारेने मधोमध भोक पडलेला कागद पुडीला चालत नाही, म्हणाला. त्यावर बाबांनी घासाघीस केली आणि मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं. वजन मी पाहिलं होतं. सव्वीस किलो भरलं.

"आठवतं का?" मी विचारलं.

"भोकं पडलेला कागद," बाबा म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या घरातून आमच्याकडे आलेल्या वस्तू मोजक्या. एक पाट, देव, आणि लाकडी अधोली. अधोली म्हणजे अर्धी पायली, दोन शेरांचं माप. आमच्या हॉलमध्ये ती टीव्हीशेजारी असते, तिच्यात रिमोट, नेलकटर आणि औषधांच्या चिठ्ठ्या राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा सांगतात, "चार पिढ्यांची आहे आमच्या घरातली." तिच्या लोखंडी पट्टीखाली काहीतरी कोरलेलं आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. नक्षी समजत होते. त्या दिवशी रिमोट काढताना माझं बोट त्यावरून गेलं आणि नक्षीत एक 'र' निघाला.

मी अधोली उपडी करून खिडकीशी नेली. कोरलेली मोडी वाचायला अवघड, कारण लाकूड हाताला वळू देत नाही. तरी नावगावच होतं, त्यामुळे दहा मिनिटांत लागलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. आडनाव आमचं नव्हतं. गावही आमचं नव्हतं.

"म्हणजे उसनी आणलेली," मी म्हणाले. मला हसू आवरेना. "नानांनी कुणाकडून तरी धान्य मोजायला आणली आणि परत दिलीच नाही."

"उसनी कशाला? विकत घेतली असेल," बाबा म्हणाले.

"जुन्या बाजारातून?"

"गहाण पडली असेल कुणाची. अडतीवर पडायच्या वस्तू."

"ते उसनीपेक्षा वाईट आहे, बाबा."

ते काही बोलले नाहीत. मी चिठ्ठी घडी करून तिच्या तपकिरी चौकोनात परत ठेवली, बाड पिशवीत घातलं आणि निघाले. कोयंडा अजून मिळालेला नाही. पुढच्या रविवारी गेले तेव्हा अधोली नेहमीच्या जागी होती, रिमोट आत होता. फक्त ती फिरवून ठेवली होती, अक्षरं भिंतीकडे.